साउथहॅम्प्टनच्या गोलखांबांपाशी

जिथे माणसे दर शनिवारी एकत्र येतात तिथे दोन गोष्टी साठतात : कचरा आणि किस्से. कचरा आम्ही मैदान सोडण्यापूर्वी उचलतो, कारण ते मैदान एका रग्बी क्लबकडून मागून घेतलेले आहे. किस्से मात्र तसेच पडून राहतात आणि दर वर्षी थोडे फुगतात. ते आणखी फुगण्याआधी, जसे घडले तसे सांगून टाकावेत, एवढाच हेतू.

हे किस्से रेवाचे आणि तिच्या टीमचे. रेवा मेलबर्नमध्ये वाढली, आईवडील नागपूरचे. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा तिकडचा लाडका खेळ ती पगार घेऊन खेळली आणि शेवटची काही वर्षे टीमची कॅप्टन होती. पुढे गुडघ्याने दगा दिला. नवऱ्याला इथल्या बंदरात नोकरी लागली आणि ती आमच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून आली. मी तिथेच भूल देणारा डॉक्टर.

इथल्या बायकांच्या हौशी टीमनेही तिला कॅप्टन केले. पहिल्याच भेटीत मी विचारले, "इतकी खेळलीस, आता काय राहिले?"

"कप, काका. एकपण फायनल जिंकली नाही मी. सर्जन म्हणतो, ही गुडघा अजून एक सीझन देईल. मला एक कप उचलायची आहे. प्लास्टिकची असली तरी चालेल."

मराठी घरात ऐकून शिकलेले. व्याकरण वाटेत कुठेतरी सांडलेले. इच्छा मात्र स्वच्छ होती.

*

खेळ थोडक्यात असा. चेंडू अंडाकृती. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. लाथाडलेला चेंडू मधल्या दोन खांबांतून गेला की गोल, म्हणजे सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला, खांबाला लागला, किंवा जाता जाता कोणाच्या हाताला नुसता शिवला, तर एकच गुण. हे ठरवणारा गोल अंपायर खांबांपाशी उभा असतो. गोल असेल तर तो दोन बोटे दाखवतो, एक गुण असेल तर एक, आणि मग हातातली निशाणे हलवून ते दुसऱ्या टोकाला कळवतो. हौशी सामन्यांत प्रत्येक टीमने आपापला अंपायर आणायचा असतो, आणि भांडणाचे मूळ तिथेच असते.

हॉस्पिटलमधल्या एका क्विझमध्ये गुण मोजण्याचे काम माझ्याकडे होते. माझ्याच विभागाचे उत्तर अर्धे बरोबर होते. मी ते चूक धरले. विभाग हरला आणि काही सहकारी आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. रेवा मात्र दुसऱ्या दिवशी थेट माझ्या खोलीत आली.

"काका, तुम्ही आमचे गोल अंपायर व्हा."

"मला या खेळातले काही कळत नाही."

"ज्यांना कळतं तेच सगळे भांडतात. तुम्ही फक्त बघा."

*

पहिल्या सामन्याआधी मी खांबांमध्ये उभा राहून डोळे मिटले आणि देवाचे नाव घेतले. केट नावाची नर्स टीमची व्हाइस कॅप्टन आहे. ती मला काका म्हणते. बरेच दिवस तिला ते माझे नावच वाटत होते. तिने विचारले, "काय मागितलंत?"

"दृष्टी स्वच्छ राहू दे, असे."

"आणि आमच्यासाठी?"

"धावायचे तुम्हाला आहे. देवाचे नाव टीमच्या यादीत नाही."

केटने हे बाकीच्यांना सांगितले. त्या दिवशी आमची टीम फार धावली. तरीही हरली. देवाला कोणी दोष दिला नाही, हे मी प्रगती समजलो.

*

अश्विनी पुण्याची, इथे सॉफ्टवेअरमध्ये. तिने शाळेत खो-खो खेळला होता, त्यापलीकडे काही नाही. पहिल्याच सामन्यात ती चेंडू घेऊन पळणाऱ्या एका बाईमागे सुसाट निघाली. बाई हुशार होती. मध्येच वळली आणि उलटी पळाली. अश्विनी वळली नाही. ती तशीच सरळ माझ्या दिशेने आली, माझ्या शेजारच्या खांबाला वळसा घातला आणि मग परत निघाली. तोवर त्या टोकाला गोल झाला होता.

रेवाने तिला बाजूला घेतले. "तू तिकडे कुठे गेलीस?"

"अगं, एकदा दिशा घेतली की वळता येत नाही. खांबाला वळसा घालूनच परत यायचं."

"हे कोण म्हणतो?"

"खो-खोत असंच असतं."

कोणत्याही कॅप्टनला रागवायला एवढे पुरले असते. रेवा म्हणाली, "बरं, मग तू कोणाला पकडू नको. तू बॉल घे, आणि लोकांना तुला पकडू दे."

पुढच्या सामन्यात अश्विनीला कोणीही पकडू शकले नाही. कंबरेतून अशी काही निसटायची की समोरची बाई रिकामी हवा कवटाळून पडे. शेवटी त्यांच्या कॅप्टनने धापा टाकत रेवाला विचारले, "ही कुठल्या क्लबमधून आणलीस?"

"शाळेतून," रेवा म्हणाली.

*

रग्बीच्या मैदानावर आमचे खांब नसतात. प्लास्टिकचे उंच खांब दर वेळी रोवावे लागतात आणि नंतर उपटावे लागतात. रेवा सर्वांत आधी येते आणि ते स्वतः रोवते. टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलीला हे कमीपणाचे वाटले.

"तू तिकडे खरंच प्रोफेशनल होतीस?"

"हो."

"मग खांब तू का रोवतेस?"

"तिकडे कोणी रोवू दिले नाहीत," रेवा म्हणाली, आणि दुसरा खांब त्या मुलीच्या हातात दिला.

*

ही पुढची गोष्ट रेवाने कधी सांगितली नाही. तिची आई मेलबर्नहून आली असताना आमच्या घरी चहाला बसली होती, तेव्हा तिने सांगितली.

तिकडच्या लीगची फायनल. रेवा कॅप्टन. शेवटच्या क्षणी टीममधल्या एका तरुण मुलीने सोपा गोल चुकवला आणि कप गेला. ती मुलगी मैदानातच बसून रडत होती आणि कॅमेरे तिच्याकडे निघाले होते. रेवा मध्ये जाऊन उभी राहिली. एका पत्रकाराने विचारले, "ही हार नेमकी कोणामुळे झाली?"

रेवाने उलट विचारले, "या टीमची कॅप्टन कोण आहे?"

"तुम्ही."

"मग मिळालं तुम्हाला उत्तर," ती म्हणाली, आणि त्या मुलीला उठवून आत घेऊन गेली.

आई सांगून झाल्यावर म्हणाली, "त्या रात्री हॉटेलात ही एकटी रडली. मला वाटलं, आता हिला कप नको झाला असेल. पण कुठलं काय." चहा गार झाला होता. माझ्या पत्नीने न विचारता दुसरा टाकला.

*

यंदा आमची टीम सेमीफायनलला पोहोचली. सामना लेस्टरला होता. महाराष्ट्र मंडळाचे चिटणीस कुलकर्णी मिनीबस करून माणसे घेऊन आले. अश्विनीने एक लांब किक मारली. चेंडू मधल्या खांबांतून गेला आणि सगळे नाचू लागले. जाताना तो खांबाला पुसटसा घासला होता. मी एक बोट दाखवले.

नाच थांबला. मध्यंतरात कुलकर्णी तडक माझ्याकडे आले.

"अहो डॉक्टर, तो खांब प्लास्टिकचा आहे. वाऱ्यानेसुद्धा हलतो."

"वारा नव्हता."

"आम्ही इतक्या लांबून आलो. तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

"खांबाच्या," मी म्हणालो.

टीम तरीही जिंकली. परतीच्या वाटेवर कुलकर्णींनी मला चिवडा दिला नाही. रेवाने आपल्यातला अर्धा दिला.

*

फायनल लंडनला, ईलिंगजवळच्या एका मैदानावर होती. नेमलेला तटस्थ गोल अंपायर आजारी पडला. समोरच्या टीमची कॅप्टन जेस, मूळची ऑस्ट्रेलियन, शाळेत शिकवते. आयोजकांनी तिला विचारले, रेवाच्या टीमचे डॉक्टर एका टोकाला चालतील का.

"स्वतःच्याच टीमचा गोल कापणारे ना ते? उभे राहू दे," जेस म्हणाली.

सामना अटीतटीचा झाला. शेवटी आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. वेळ संपल्याचा भोंगा वाजला आणि कुलकर्णींनी पेढ्यांचा पुडा उघडला. पण भोंग्याच्या निमिषभर आधी जेसने उंच आलेला चेंडू स्वच्छ झेलला होता, आणि अशा वेळी झेलणारीला एक किक मिळते. ही किक माझ्या टोकाकडे होती. गोल झाला तर कप त्यांचा. एक गुण झाला तर आमचा.

रेवा माझ्यासमोर रेषेवर येऊन उभी राहिली. तिचा गुडघा पट्ट्यांनी जखडलेला होता.

जेसने ताकदीने किक मारली. रेवाने उडी घेतली. सर्जनने जी मना केली होती तीच. चेंडू तिच्या हातांवरून आणि दोन खांबांच्या अगदी मधून मागे गेला. समोर मावळतीचे ऊन होते. हात आणि चेंडू त्या उजेडात मिसळून गेले. चेंडू शिवला की नाही, ते मला दिसले नाही.

आमच्या मुली ओरडल्या, "लागला." त्यांच्या ओरडल्या, "नाही लागला." केट धावत आली. "काका, एक दाखवा. प्लीज."

"मला दिसले नाही," मी म्हणालो. "जे दिसले नाही ते दाखवणार नाही."

गवतावर पडलेली रेवा उठली. आपल्याच टीमच्या बाजूने कॅप्टनने दिलेल्या साक्षीला किंमत नसते, हे ती जाणत होती. ती लंगडत माझ्यापाशी आली आणि तिने डावा हात पुढे केला. मधले बोट दुसऱ्या सांध्यात निखळून मागे वळले होते.

जेस जवळ आली. तिने ते बोट पाहिले. मग रेवाकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिच्या मुली अजून ओरडत होत्या.

"मगाशी सरळ होतं," जेस म्हणाली. "याच हाताने तिने माझी जर्सी धरली होती. तेव्हाही अंपायरला दिसलं नव्हतं."

ओरडणे थांबले. मी निशाणे खाली ठेवली आणि सांधा बसवण्यासाठी रेवाचा हात हातात घेतला. तिने तो काढून घेतला.

"काका, आधी तुमचं बोट दाखवा," ती म्हणाली. "माझं नंतर बघू."