चार वाजता गच्चीवर पडलेली सावली

मित्रमैत्रिणींनो, आज दुपारी मी पाहुण्यांसमोर अप्पांना अडवलं.

वीज गेली की अम्माचा इडलीच्या पिठाचा ग्राइंडर बंद पडतो, गिऱ्हाइकं परत जातात. म्हणून गच्चीवर बॅटरीसह सोलर पॅनल बसवायचे होते. पाहुणे म्हणजे सोलर बसवणारे नात्यातले मामा; काम त्यांनाच द्यायचं, असं अप्पांनी ठरवलं आणि तांबुलाचं ताट उचललं. आम्हा तंजावूरकरांत तांबूल दिलं की शब्द पक्का.

"थांबा. मामा, तुम्ही जागा सकाळी पाहिलीत. आता चार वाजलेत, एकदा वर चला," मी म्हणाले.

"घरातली पहिली डिग्री! आता सूर्यालाही शिकवणार काय गं?" मामा हसले.

अप्पा हसले नाहीत. "पाहुण्यांसमोर गप्प बस."

मी तरी जिना चढले. नाइलाजाने दोघेही आले, अप्पा ताट हातात धरूनच. मामांनी खडूने आखलेल्या चौकोनांवर शेजारच्या माडाची सावली पडली होती. एका पॅनलवर सावली आली तरी पूर्ण ओळीची वीज घटते.

"माड तोडायला सांगा," मामा म्हणाले.

"शेजाऱ्याला?" मामांवर अप्पांचा आवाज चढला. "आधी दुसरी जागा शोध. मग तांबूल."

मामा रागावून गेले. अप्पा माझ्याशी अजून बोललेले नाहीत.

नात्यातल्या माणसाला काम देताना तुम्ही असं विचारता, की गप्प बसता?