सखारामकाकांचं लंडन

मंडळी, आज महाडात आम्हा निवृत्तांच्या चहाला विषय निघाला, आता परदेशात कुठे जायचं? मला साठच्या दशकातले आमचे सखारामकाका आठवले.

आगबोटीच्या तळाशी भट्टीत कोळसा टाकत ते जगभर फिरले आणि म्हातारपणी पोलादपूरला परतले. सगळे विचारायचे, "लंडन कसं हाय?"

"लय गरम."

"आनि जपान?"

"त्याच्याहून गरम!"

एकदा काकू म्हणाली, "अवो, मला पन कायतरी दाखवा." काकांनी तिला दासगावहून लाँचने बाणकोटला नेलं. समुद्र दिसताच काकाच कठडा धरून उभे राहिले. "बघ गो, केवढा हाय!"

"तुमी तर जगभर फिरलात ना?"

"फिरलो गो. बघायचं राहिलं."

आज चहाहून घरी येऊन मी हे सांगितलं, तर आमच्या हिने लगेच बॅग काढली. तुम्ही कुठे निघालात, आणि कुणाबरोबर?