लेडीज ड्रिल

माझं बॅटरीवरचं ड्रिल विरारजवळ चंदनसारला एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर बंद पडलं. मशीन ठणठणीत होतं, मेली होती ती बॅटरी. रात्रभर चार्जिंगला लावली तरी दोन भोकांत मान टाकायची. ज्या दुकानातून ते घेतलं होतं तिथे मी फोन केला, तर पलीकडचा माणूस म्हणाला, "ती बॅटरी आता येत नाही. नवं मॉडेल आलंय, त्याची बॅटरी तुमच्या मशीनला बसणार नाही."

"मग मी काय करायचं?"

"नवं मशीन घ्यायचं," तो म्हणाला. दूध नासलं तर दुसरी पिशवी आणावी, इतक्या सहज.

धडधाकट यंत्र असं भंगारात टाकायचं याचा मला संताप आला. पण पुढे जे झालं त्यापुढे तो संताप काहीच नव्हता.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. विरार पूर्वेला इमारती भराभर उठत होत्या आणि बिल्डर लोक विजेचे मीटर लागायच्या आधीच फ्लॅटच्या किल्ल्या हातात देत होते. मीटर लागले तरी भारनियमन होतंच, दिवसाढवळ्या तासन् तास. त्यामुळे वायरचं ड्रिल घेऊन कामाला जाणं म्हणजे वीज येईपर्यंत जिन्यात बसून राहणं. मी इंटिरियरचा कोर्स केला होता, लग्नाआधी मुंबईत एका डेकोरेटरकडे काम केलं होतं, आणि लग्न होऊन वसईला आल्यावर स्वतःची कामं घ्यायला लागले होते. किचनच्या ट्रॉल्या, कपाटं, पडदे, असं घर लावून देण्याचं काम. माझ्याबरोबर एक सुतार होते, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे. मी त्यांना मिस्त्री म्हणायची, ते मला ताई. लाकडाचं सगळं ते बघत. मापं, भिंतीतली भोकं आणि फिटिंग माझ्याकडे. लोकांना हे उलटं वाटायचं, आम्हाला नाही.

नवं ड्रिल घ्यायला आम्ही दोघं वालीवला गेलो. तिथल्या कारखान्यांना हत्यारं पुरवणारं एक मोठं दुकान होतं. काउंटरवर मालक स्वतः होता, चाळिशीतला, कपाळाला गंध लावलेला. मी म्हटलं, "बॅटरीचं ड्रिल हवंय. हॅमरवालं. आरसीसी बीममध्ये भोकं पाडायची असतात."

त्याने माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि मिस्त्रींकडे वळून विचारलं, "काय काम असतं तुमचं?"

"ताईंनी सांगितलं ना," मिस्त्री म्हणाले. "मशीन त्याच चालवतात."

मालक हसला. वाईट हसला असंही नाही. एखादं लहान मूल मी मोठेपणी विमान चालवणार म्हणतं तेव्हा आपण हसतो, तसा. मग त्याने आत आवाज दिला, "अरे, मॅडमना तो हलका पीस दाखव." आतून आलं ते एक छोटंसं, गोंडस ड्रिल. हातात पिसासारखं. मी मालकाला पुन्हा सांगितलं की बीममध्ये वापरायचंय. तो म्हणाला, "मॅडम, आरामात जातो. उगाच जड मशीन उचलून खांदा दुखवून घ्याल. लेडीजसाठी हाच बेस्ट." काँक्रीटला ठोके देणारी हॅमरची सोय कुठे आहे विचारलं, तर म्हणे, याची मोटरच इतकी पॉवरफुल आहे की हॅमर लागत नाही. इथेच चालवून दाखवा म्हटलं, तर बॅटरी चार्ज केलेली नाही.

मला त्याचं बोलणं पटलं नव्हतं. पण चंदनसारच्या घरात पूजा ठरलेली होती, सामान येऊन पडलं होतं, आणि हॅमरवालं मशीन विचारलं की तो "ऑर्डर देऊन मागवावं लागेल" म्हणत होता. मी तेच घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडीच्या घोडीवर चढून स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या बीमला ड्रिल टेकवलं. प्लॅस्टर गेलं, पुढे काँक्रीट लागलं आणि मशीन नुसतं किंचाळायला लागलं. भोक नखभरसुद्धा पुढे सरकेना. थांबून, उसंत देऊन पुन्हा लावलं, तर मोटरीतून जळका वास आला आणि ते बंदच पडलं. घराचे मालक मागे उभे होते. ते मला नाही, मिस्त्रींना म्हणाले, "अहो, तुम्हीच का नाही घेत हातात? बाईमाणसाचं काम आहे का हे?"

मिस्त्री म्हणाले, "साहेब, जळलेलं मशीन मी हातात घेतलं तरी जळलेलंच."

मी घोडीवरून उतरले. त्या माणसाच्या घराचं प्रत्येक माप मी घेतलं होतं, त्याच्या बायकोच्या उंचीला ओटा बेतून दिला होता, आणि एका दुकानदाराच्या खोटेपणाची शिक्षा मला माझ्या बाईपणावर मिळत होती.

त्याच दुपारी मी एकटी वालीवला गेले. मालकाने मशीन नाकाला लावलं, वास घेतला आणि परत माझ्याकडे सरकवलं. "मॅडम, हँडलिंग चुकलंय. लेडीजचा हात असतो, प्रेशर नीट येत नाही, मग मोटरवर लोड पडतो. याला गॅरंटी लागत नाही."

"तुम्ही म्हणाला होतात, बीममध्ये आरामात जातं."

"जातं ना. चालवणारा पाहिजे."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती दोघंही हसली. मला खूप काही बोलायचं होतं, पण रागाने माझा आवाज कापायला लागला आणि आवाज कापतोय हे त्यांना कळू नये म्हणून मी मशीन उचलून निघून आले. असं निघून आल्याचा मला माझाच राग आजही येतो, त्या माणसाच्या वाक्याचा येतो तितकाच.

घरी आल्यावर सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. आमचं सासरचं घर खाडीकडच्या शेतकऱ्यांचं. सासूबाईंनी उभा जन्म शेतात काढला होता आणि भाजीची टोपली घेऊन आगाशीच्या बाजारापर्यंत त्या स्वतः विकायला जात. माझं काम त्यांना कितपत समजत होतं देव जाणे, पण मी पँट घालून कामावर जाते याबद्दल शेजारणी बोलल्या तर सासूबाई त्यांच्याशी बोलणं टाकायच्या. मी सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "उद्या मी येते तुझ्यासंगं."

"तुम्ही येऊन काय करणार?"

"बसनार," त्या म्हणाल्या.

आणि दुसऱ्या दिवशी त्या खरोखरच जाऊन बसल्या. काउंटरसमोरच्या स्टुलावर, पदर खोचून, पिशवी मांडीवर घेऊन. मालकाने त्यांना नमस्कार केला, चहा मागवू का विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "चहा नको. बैल घेताना मानूस चालवून बघतो. आमी न बघताच घेतला, ती आमची चूक. आता तू चालवून दाखव."

"आजी, ते मशीन जळलंय."

"मग तसलंच दुसरं काढ. तुझा हात काय लेडीजचा नाय."

कारखान्यांतले तीन-चार जण सामान घ्यायला आले होते, ते थबकले. मालकाला आता नाही म्हणता येईना. त्याने तसाच दुसरा पीस काढला. बॅटरी या वेळी चार्ज केलेली निघाली. दुकानाच्या शटरवरच्या बीमखाली दुसरं स्टूल लावून तो वर चढला आणि दाबायला लागला. आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी, मग छातीचा जोर लावून. प्लॅस्टरची पांढरी भुकटी त्याच्या गंधावर पडली. पुढे काही नाही. मशीन तेच किंचाळणं किंचाळलं. वास यायला लागला तसा तो थांबला.

कोणी हसलं नाही. ते सगळे रोज यंत्रांशी काम करणारे लोक होते, काय झालं ते त्यांना दिसत होतं. एक जण म्हणाला, "शेट, हा लाकडाचा ड्रिल आहे. काँक्रीटला कशाला दिला?"

मालक खाली उतरला. आता तरी तो म्हणेल की चूक झाली, असं मला वाटलं. तो म्हणाला, "पीसच खराब आलेत बहुतेक." आणि आत जाऊन, ऑर्डर देऊन मागवावं लागणार होतं ते हॅमरवालं मशीन फळीवरून काढून आणलं. धूळ बसली होती त्यावर, म्हणजे ते पहिल्या दिवसापासून तिथेच होतं.

या वेळी स्टुलावर मी चढले. मशीन जड होतं, पण वजन मुठीवर बरोबर बसत होतं. त्याच्याच बीममध्ये, त्याने खरवडलेल्या जागेशेजारी मी भोक पाडलं आणि त्यात स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची गिट्टी ठोकून दाखवली. जळलेलं मशीन त्याने परत घेतलं, वरचा फरक मी दिला. मग त्याने बिलबुक ओढलं, आणि नाव मला नाही, सासूबाईंना विचारलं, "तुमच्या मुलाचं नाव काय, आजी?"

"मशीन मी घेतेय," मी म्हटलं.

"हो, पण बिल मिस्टरांच्या नावाने केलेलं बरं असतं, मॅडम. पुढे सर्व्हिसिंगला वगैरे."

या वेळी माझा आवाज कापला नाही. मी म्हटलं, "माझे मिस्टर बँकेत आहेत. त्यांनी आयुष्यात एक खिळा ठोकलेला नाही. माझं नाव लिहा." त्याने लिहिलं. लिहिताना चेहरा असा, जणू माझ्यावर उपकार करतोय.

संध्याकाळी मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो सज्जन माणूस आहे, मला कधी कशाला नाही म्हणालेला नाही. तो शांतपणे म्हणाला, "जाऊ दे ना. मशीन मिळालं ना चांगलं? बिलावर कोणाचं का नाव असेना, काय फरक पडतो?"

मी त्याला उत्तर देण्याआधीच सासूबाई आतून म्हणाल्या, "तुला नाय पडत."

चंदनसारचं काम पूजेआधी पुरं झालं. घराच्या मालकांनी मिस्त्रींचा हात हातात घेऊन आभार मानले. मिस्त्री हात सोडवून घेत म्हणाले, "ताईंना सांगा, साहेब." मालक माझ्याकडे वळले खरे, पण तेवढ्यात भटजी आले आणि ते राहूनच गेलं.