सुनेचं चित्र बघाय गेलतो

सकाळच्या येष्टीला आमी निघालो तवा माझा पोरगा आजून झोपलाच व्हता. आमी म्हंजे मी, नातू संज्या आनि तेच्या पाठची रानी. संज्या चौथीत, रानी पयलीत. कोल्हापुरात चित्रांचं मोठं म्युझियम हाय, तितं पोरांच्या आईचं चित्र हाय, ते दावायला निघालतो.

माझी सून सुशीला काविळीनं गेली तवा रानीला नीट बोलताबी येत न्हवतं. घरात सुशीलाचा एक फोटू न्हाय. लग्नातबी काढला न्हवता. संज्या सारखा रानीला चिडवायचा, मला आई आठवत्या, तुला न्हाय. ती रडायची न्हाय, गप बसायची. आनि दिवाळी झाली की माझ्या पोराचं दुसरं लगीन ठरलेलं. घरात बाई पायजेच, माझं त्यात काय म्हननं न्हवतं. पन दुसरीला आई म्हनायच्या आदी पोरीनं पयलीचं तोंड एकदा बघावं, हे माझ्या मनानं घेतलं.

मी आनि सुशीला गुऱ्हाळावर कामाला व्हतो. तवा कोल्हापूरचा एक चित्रकार मास्तर तितं यायचा, दुपारभर स्टूल टाकून बसायचा. तेनं सुशीलाचं चित्र काढलं. पुरं झालेलं आमी कवा बघितलं न्हाय. पुढं गुऱ्हाळाच्या मालकानं सांगितलं, ते म्युझियमात लावलंय म्हनून.

कोडोलीपातूर पोरं हरकलेली. वाघबिळाच्या वळनावर संज्याला वकारी आली, ती माझ्या पदरात. रानी म्हनली, आता आईला वास यील. पंचगंगेचा पूल वलांडला, स्टँडवर उतरलो, नळावर पदर धुतला. तितंच वळचनीला बसून भाकरी-झुनका खाल्ला. वर उसाचा रस घेतला. जलमभर रसात हात घालून ऱ्हायलेली मी, आज इकत पीत व्हते. माझं मलाच हसू आलं.

म्युझियमच्या दारात आमी चपला काढल्या. दारावरचा मानूस म्हनला, "आजी, चपला घाला. ह्ये देऊळ न्हाय."

मी म्हनलं, पावनं, एवढी पुसलेली फरशी, हिच्यावर आमच्या शेनामातीच्या चपला कशा ठेवू? तो हसला आनि जा म्हनला. फरशी गार. आत राजं, फेटंवालं, पैलवान, तळ्याकाठची देवळं. मानूस हाय का चित्र, वळखू यीना. रानी बाईचं चित्र दिसलं की हुबी ऱ्हायची, इचारायची, ही का? एक रानीसाब व्हती, अंगभर मोती. तिच्यापुढंबी इचारलं. संज्या म्हनला, "येडे, आईकडं नुसतं डोरलं व्हतं."

पार शेवटच्या खोलीत चित्र घावलं. पयली मी काहील (रस आटवायची मोठी कढई) वळखली, मग चुलवान (तिच्याखालची भट्टी), मग धूर, आनि मग सुशीला. गुळाचं रवं (ढेपा) पुसत बसलेली. पन मान खाली आनि पदर पुढं वढलेला. चित्र काढताना समोर तिचा सासरा, आमचा म्हातारा, चुलवानात जाळ घालायचा. सासऱ्यापुढं ती पदर कवा मागं पडू द्यायची न्हाय. मास्तरानं जसं दिसलं तसं काढलं. नाकाचा शेंडा आनि हनवटी, बाकी समदी सावली.

एवढ्या लांब आनलं पोरास्नी, आनि तोंडच न्हाय.

संज्या म्हनला, "ही कोनबी आसंल."

रानी चित्राजवळ जाऊन वाकली. दारावरचा मानूस मागनं आलता, तो म्हनला, बाळ, लांबनं बघ. तिनं त्या मानसालाच इचारलं, "हिच्या पायाला दोरी का बांधलीया?"

तो म्हनला, समदी हेच इचारत्यात, शेरडू बांधलं आसंल.

मी म्हनलं, "शेरडू न्हवं, झोळी. कामाला बसलं की आंगठ्याला दोरी बांधायची आनि पायानं झोका द्यायचा. हात मोकळं ऱ्हात्यात."

"मग झोळी कुटाय?" रानी म्हनली.

"मास्तरानं काढली न्हाय. दोरी जिकडं जात्या, तिकडं व्हती."

"झोळीत कोन?"

"तू."

रानी दोरीच्या वाटंनं चौकटीच्या भायेर गेली आनि मोकळ्या भिंतीला पाठ लावून हुबी ऱ्हायली. "हितं?"

"हितंच."

दारावरचा मानूस तिला लांब हो म्हनला न्हाय.

संज्याचं तोंड उतरलं. "आनि मी कुटं व्हतो?"

"उसाचं कांडं चोखत हिंडत व्हतास, कुटं सापडतोस तू."

परत येताना येष्टीत रानी पायाचा आंगठा हालवत बसली. मला वाटलं व्हतं तोंड दावावं. तोंड काय दिसलं न्हाय. पन त्या दिवसापास्नं संज्यानं चिडवलं तर ती गप बसली न्हाय.

दिवाळी झाली, नवी सून आली. पयल्याच दिवशी रानीनं तिला सांगितलं, माझी एक आई म्युझियमात हाय. माझा पोरगा खाली बघाय लागला. नवी सून बिचारी राती भांडी घासताना हळूच माझ्याजवळ सरकली.

"आत्या, तितं काय करत्यात त्या?"

मी म्हनलं, "काम करत्या, आनि पोरगी झोपीवत्या."