दुधाकडे बघ, येते

मथुरा सिस्टर कथा ऐकताना लसूण सोलायची. मांडीवर परात घ्यायची, "वाच" म्हणायची आणि मान खाली घालायची. तोंडावरून काही कळायचं नाही. बघायचे ते हात. हात चालत राहिले तर कथा खोटी. थांबले तर त्या ओळीत काहीतरी आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परातीतला सगळा लसूण सोलून झाला. वर म्हणाली, "पुढच्या वेळी असंच मोठं लिहून आण. माझ्या चटणीची सोय व्हायली." मला इतका राग आला की चहा न घेता उठले.

ती परभणीकडची. कुवेतमध्ये सरकारी दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नव्हतं, भावाची मुलं शिकवली. मी कुवेतला आले मुलाकडे, त्याची मुलगी सांभाळायला. तो मीना अब्दुल्ला भागातल्या रिफायनरीत, सून बँकेत, आमचा फ्लॅट एगैलाला. नात शाळेत जायला लागल्यावर मी दिवसभर भिंती बघायची. शाळा माझी चौथीपर्यंतची, पण वाचायची सवय होती. वाचता वाचता लिहायला लागले. इथल्या मराठी मंडळाची वर्षाला स्मरणिका निघायची, त्यात आपलं काही यावं असं वाटायचं. सिस्टर शुक्रवारच्या सुट्टीत आपल्या खोलीवर बायकांना कथा लिहायला शिकवते असं कळलं, म्हणून गेले.

सुरुवातीला बऱ्याच जणी यायच्या. सिस्टरच्या तोंडामुळे एकेक गळाली. एका डॉक्टरांच्या बायकोनं कथेत 'तिच्या डोळ्यांत अश्रू तरळले' असं लिहिलं होतं. सिस्टर म्हणाली, "बाई, मी रोज रडणारी माणसं बघते. तरळताना एकाचे बघितले नाहीत. नाक वाहतं आधी. ते लिहा." ती बाई परत आली नाही. शेवटी मी एकटी उरले. मला अपमान लागत नव्हता असं नाही. पण शुक्रवारी दुसरं जायचं कुठे? मॉलमध्ये? तिथे मी सुनेच्या पिशव्या धरून उभी राहायची.

मला लिहायचं होतं माझ्या थोरल्या जावेबद्दल. तिचं नाव सुभद्रा. नवऱ्याचा मार खाऊन खाऊन एक दिवस ती घरातून गेली ती परत आली नाही. मी तेव्हा नवी सून होते. सासरच्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं, चोरासारखी पळाली, बाहेरचं काहीतरी असणार. मला ते खोडायचं होतं. मी गावापासून सुरुवात केली. नदी, देऊळ, घराचा इतिहास. सिस्टरचे हात भराभर चालले होते.

"दारात चपला काढायला किती वेळ लावायलीस? आत ये की!"

मी देऊळ काढलं, नदी काढली. पुढे सुभद्रा जाताना दोन पानं रडत होती.

"कोण रडायलंय हे? ती का तू?"

"ती."

"बघितलंस?"

"नाही. पण रडली असेलच ना!"

"असेल ते लिहू नकोस. दिसलं ते लिही. जाताना हातात काय होतं तिच्या?"

"काही नाही. चुलीवर दूध ठेवलं होतं. मला म्हणाली, दुधाकडे बघ गं, येते. आणि पायरी उतरली."

हात थांबले. सिस्टरनं परात खाली ठेवली. "आणि तू?"

"मी दुधाकडे बघत बसले. तापलं, उतरवलं, गार झालं, साय धरली. संध्याकाळी सासूनं विचारलं, तुझी जाऊ कुठाय? मी म्हटलं, येते म्हणाल्यात."

"मग ही दोन पानं कशाला लिहिलीस, मूर्ख बाई?" असं ओरडली ती. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल आणि मला मूर्ख म्हणाली. पण दोन पानं मी तिथेच फाडली.

मग कथा तिनं मला मोठ्यानं वाचायला लावली, पुन्हा पुन्हा. जिथे श्वास अडला तिथे शब्द काढायचा. सासूच्या तोंडी मी शाळेतल्या बाईंची भाषा घातली होती. "तुझी सगळी माणसं एकाच तोंडानं बोलायलीत. तुझी सासू काय म्हणायची ते सांग." मी सांगितलं. त्यातल्या शिव्यासुद्धा तिनं ठेवायला लावल्या. कथा पाऊण झाली, मग अर्धी झाली, आणि तेव्हा कुठे ती कथा झाली.

स्मरणिकेचे संपादक विनायकराव. पुण्याचे, मोठ्या हुद्द्यावरचे, बोलायला गोड. मला म्हणाले, "आजी, चौथी शिकून या वयात लिहिता, किती कौतुक!" मला कौतुक नको होतं. त्यांनी छपाईआधी दाखवायला कागद पाठवला, त्यात सुभद्रा म्हणत होती, "जाते मी, कायमची!"

आम्ही दोघी शुक्रवारी मंडळाच्या हॉलवर गेलो. नाटकाची तालीम चालली होती. सिस्टरनं कागद त्यांच्या पुढ्यात धरला.

"हे कुणी केलं?"

"सिस्टर, जरा विचार करा. ती परत येणारच नाहीये, तर 'येते' कशी म्हणेल? वाचक गोंधळेल. आणि 'जाते'मध्ये बंड आहे."

"तुमच्या मिसेस सकाळी घरातून निघताना काय म्हणतात?"

त्यांची बायको पडदा बांधत होती. तिथूनच म्हणाली, "येते म्हणते. जाते म्हटलं तर ह्यांच्या आई डोकं फोडतील माझं."

सगळे हसले. विनायकरावही हसले. "बघतो, दुरुस्त करतो," म्हणाले.

स्मरणिका छापून आली. "जाते मी! आता कायमची!!" आधी एक उद्गारचिन्ह होतं, आता तीन झाली.

अजून आठवलं की अंगाची आग होते. त्यांना वाटलं एक शब्द तर आहे. पण त्या एका शब्दानं मी खोटी ठरले. 'जाते कायमची' हे ऐकून मी दूध बघत बसले? जावेला अडवलं नाही, कुणाला हाक मारली नाही? आणि सुभद्रा सांगून सवरून, टाळ्या घेत निघाली? तिनं असलं काही केलं नव्हतं. रोज विहिरीवर जाताना म्हणायची तेच ती म्हणाली. म्हणून तर मी संध्याकाळपर्यंत वाट बघितली.

कार्यक्रमाच्या दिवशी सिस्टर दवाखान्यातून थेट आली, पांढऱ्या कपड्यांतच. दाराशी टेबलावर स्मरणिकांचे गठ्ठे होते. तिनं खिशातलं पेन काढलं, खुर्ची ओढली आणि एकेक अंक उघडून ती ओळ खोडायला लागली. वर लिहायची, 'येते.' मी शेजारी बसून पान काढून द्यायची.

विनायकराव धावत आले. "सिस्टर, अहो, अंक खराब दिसतायत!"

"खराब तुम्ही केलेत. मी ड्रेसिंग करायलेय."

माझी नात शेजारी उभी होती. म्हणाली, "आजी, इट्स जस्ट वन वर्ड."

सिस्टरनं वर बघितलं नाही. "औषधाच्या बाटलीवरपण एकच शब्द असतो, बेटा."

नाटक सुरू झालं तरी आम्ही बाहेरच होतो. सगळे अंक संपले तेव्हा तिची बोटं शाईनं निळी झाली होती.

पुढे तिची नोकरी संपली, इथे राहायचा परवाना, अकामा, रद्द झाला. मी मुलाला गाडी काढायला लावून विमानतळावर गेले. दोरीनं बांधलेले खोके, वर ब्लँकेट. लसणाची परात तिनं आदल्याच दिवशी मला दिली होती. मला वाटलं होतं शेवटी तरी काहीतरी चांगलं बोलेल. तिनं ढकलगाडी वळवली आणि म्हणाली, "जाते गं, अनसूया."

मी तिथे सगळ्यांसमोर भडकले. "असं बोलतात का कुणी? तुम्ही मला शिकवता आणि तुम्हीच?"

"मला यायचं नाही परत. आणि तुला दुधाकडे बघत बसवायचं नाही." एवढं बोलून आत गेली. मागे वळली नाही.

वर्षभरात तिच्या पुतण्याचा फोन आला, ती गेली. पोटात गाठ होती. इथे असतानाच तिला कळलं होतं म्हणे. ज्या बाईनं माझ्याकडून एकेक गोष्ट खणून काढली, तिनं स्वतःची एवढी मोठी गोष्ट मला सांगितली नाही. याचा राग माझा गेलेला नाही आणि जाणार नाही.

हे लिहिताना विमानतळाच्या त्या ओळीपाशी मी फार वेळ अडले. 'येते गं, अनसूया' लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला बरं वाटलं असतं. मलाही वाटलं असतं. पण मग विनायकरावांनी काय वेगळं केलं होतं? ती 'जाते' म्हणाली.