दुसरं कडबोळं

आईचं चुकलं नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते. कारण पुढचं वाचून कुणीतरी तिला हट्टी म्हणणारच.

गिरणीनं बायका कमी केल्या तेव्हा आई आणि मावशी एकाच दिवशी घरी बसल्या. मावशी सख्खी नव्हे. गिरणीत आईच्या शेजारी उभी राहून काम करणारी, मालवणकडची, लालबागला राहणारी. आम्ही परळचे, आणि आमची जात कोणती हे तिच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक. तरी तिनं स्वतःच्या खोलीत शेगडी मांडली आणि दोघींनी कडबोळ्यांचा धंदा सुरू केला. भाजणी आईची, वळणं मावशीचं. शेजारणींनी नाकं मुरडली. मावशीनं त्यांना असं काही सुनावलं, की परत कुणी ब्र काढला नाही.

दादरच्या बाजारात वसईहून आपल्या मळ्यातली भाजी घेऊन बायका यायच्या. त्यांतल्या एकीनं पाट्या सरकवून आम्हाला जागा दिली. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते, कधी हरताळ, कधी गोळीबार झाला म्हणून बाजार बंद. पण कडबोळं काही लगेच नासत नाही, आज नाही खपलं तर उद्या. मोर्चा असला की दोघी डबा काखेत मारून त्यात शिरायच्या, घोषणा देऊन घसा बसवून घ्यायच्या आणि रिकामा डबा घेऊन परत यायच्या. त्या दोघींना तेवढं खूश मी नंतर कधी पाहिलं नाही.

त्याच काळात आम्ही बौद्ध झालो. आईनं घरातले देव समुद्रात सोडले. पहिल्या घाण्यातलं एक कडबोळं मावशी आपल्या देवापुढे ठेवायची, आणि एक आई आमच्या देवीसाठी घरी आणायची. ते आणणं तिनं बंद केलं. धंदा मात्र चालू राहिला.

मग मला विषमज्वर झाला आणि आई धंदा मावशीवर टाकून माझ्यापाशी बसली. दवाखाना, औषधं सगळं झालं, पण ताप हटता हटेना. शेवटी एकदाचा उतरला, आणि आई मला मावशीकडे घेऊन गेली. माझे पाय अजून लटपटत होते. मावशीनं मला जवळ ओढून गालावरून हात फिरवला. आईचं लक्ष देव्हाऱ्याकडे गेलं. पानावर दोन कडबोळी होती.

"हे दुसरं कुणाचं?"

"तुझ्या नावाचां गो," मावशी अगदी सहज म्हणाली. "चेडू तापान फणफणलेलां, आणि तू देवाक हात जोडूक तयार नाय. मगे मीच ठेवलां रोज."

"ज्या देवानं आम्हाला कधी पायरी चढू दिली नाही, त्याच्यापुढे माझं नाव घ्यायचं नाही."

मावशीला ते झोंबलं. "अख्ख्या चाळीशी भांडून तुका पिठात हात घालूक दिलां मी! त्याचां ह्यां फळ?"

"घालू दिलास?" आई म्हणाली.

एवढंच. मावशीचा चेहरा पडला. आपण काय बोलून गेलो हे तिला कळलं होतं, पण शब्द परत कसा घ्यायचा ते तिला येत नव्हतं. आईनं माझा हात धरला आणि आम्ही निघालो.

पुढे दोघी त्याच बाजारात, पण दोन टोकांना बसू लागल्या. आईची कडबोळी चवीला झकास, पण तळताना सुटून यायची. मावशीची दिसायला देखणी, आणि भाजणी कच्चट. मला दोघींचाही राग यायचा. वसईची भाजीवाली दोघींना समजावून थकली.

महाराष्ट्र झाला, त्या गर्दीत मावशी आम्हाला लांबून दिसली. ती थांबली, आईही थांबली. मधून माणसं जात राहिली आणि मग ती दिसेनाशी झाली.

काही महिन्यांनी ती बिऱ्हाड हलवून कायमची गावी गेल्याचं भाजीवालीनं सांगितलं. आई घरी येऊन नुसती बसून राहिली.

"आपल्यासाठी कधी कुणी घाबरलंय का गं?" ती म्हणाली. "ती घाबरली होती. तू जातेस की काय, म्हणून."

"मग तेव्हा गप्प बसायचं होतंस."

"नसते बसले. आजही नाही बसणार," आई म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून हमसाहमशी रडू लागली.