हद्दीबाहेरची बाई

नोकरीतल्या पुष्कळ घटना विसरलो. ही एक आजही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की मान खाली जाते.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी हद्दीवरच्या एका ठाण्यात फौजदार होतो. ओढ्याच्या अलीकडे लातूर, पलीकडे नांदेड. नवे शिक्के, नवी रजिस्टरं, नवे साहेब. नव्या जिल्ह्यात गुन्ह्यांचा आकडा फुगू नये, अशी वरून तंबी होती. मी तरुण होतो, अंगात मस्ती होती. हवालदारांना बजावून ठेवलं होतं की ओढ्यापलीकडचं झेंगट आपल्या रजिस्टरला नको. त्यात दुष्काळ. विहिरींनी तळ दाखवलेला, गावोगाव सरकारी टँकर चालू, आणि पाण्यावरून रोज कुठे ना कुठे हाणामारी.

एके दिवशी सकाळी एका गावचे सरपंच ठाण्यात आले. म्हणाले, "साहेब, काल आमचा टँकर आलाच न्हाई. बाया दिवसभर घागरी मांडून बसल्या. डायवर म्हन्ला, गाडी बिघडली."

मी तक्रार लिहून घेतली. थोड्या वेळानं आमचा एक खबऱ्या आला. बसस्टँडवर त्याची पानटपरी होती. त्यानं वेगळंच सांगितलं. "कशाची बिघडली साहेब? काल आमच्या गल्लीतून गेली की. जाताना भरलेली व्हती, येताना रिकामी."

पाणी विकलं, हे उघड होतं. ड्रायव्हरला उचलून आणलं. पन्नाशीचा माणूस, मुखेडकडचा. सगळे त्याला चाचा म्हणायचे.

"पाणी कुणाला विकलं?"

"विकलं न्हाई साहेब."

"मग गेलं कुठं?"

मी त्याच्या कानाखाली दोन लगावल्या. लपवत नाही. तो गाल धरून उभा राहिला, पण तोंड उघडलं नाही. चोर मार खाल्ला की काहीतरी खोटं सांगून मोकळा होतो. हा खोटंही सांगेना. मला तिथंच कळायला हवं होतं. पण मी टँकर जप्त करायला निघालो.

केबिनचं दार उघडलं. सगळीकडे बोटभर धूळ, आणि ड्रायव्हरशेजारची सीट तेवढी स्वच्छ धुतलेली. लोकांना प्यायला पाणी नाही, आणि यानं सीट धुतली? शिवणीत नख घातलं तर काळपट लाल निघालं. मला फार आनंद झाला. पाण्याची चोरी शोधता शोधता खून सापडला, असंच वाटलं.

नख चाचापुढे धरलं.

"सांगतो साहेब. पन त्या बाईला तिथून हलवू नका. तेवढा शब्द द्या."

"दिला."

ओढ्यापलीकडे पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. तिथं मातीची दरड कोसळून एका मजूर बाईच्या पोटावर आली होती. चाचा टँकर भरून घेऊन तिथूनच चालला होता. लोकांनी तिला त्याच्या केबिनमध्ये घातलं, सोबत सासू बसली. तालुक्याला पोटाचं ऑपरेशन करणारा एकच खासगी दवाखाना होता. डॉक्टर म्हणाले, पोलीस केस आहे, कागद आणा. नाहीतर अनामत भरा आणि जिम्मेदार म्हणून सही करा. सासूकडे पाच-सहा रुपये होते. चाचाकडे तेवढेही नव्हते. मग त्याचं लक्ष दवाखान्याच्या कोरड्या हौदाकडे गेलं. पाण्यावाचून डॉक्टरांची ऑपरेशनं अडली होती. चाचा म्हणाला, पाणी देतो, बाईला आत घ्या. गावाचं पाणी त्यानं हौदात सोडलं, तेव्हा बाईला टेबलावर घेतलं.

"अरे, मग आधी पोलिसांकडे यायचं. कागद मिळाला असता," मी म्हणालो.

चाचानं माझ्याकडे पाहिलं. "आल्तो की साहेब. दवाखान्याच्या आधी इथंच आल्तो. हवालदारसाहेब आत इचारून आले. तुम्ही आतूनच म्हन्ले, हद्द कुनाची हाय बघ, पलीकडं जा म्हनावं. तुमचा आवाज ऐकला म्या."

मला आठवलं. मी तेव्हा चहा पीत होतो. बाहेर येऊन बघितलंही नव्हतं.

आम्ही जखमीबरोबर दवाखान्यासाठी चिठ्ठी देतो, तिला यादी म्हणतात. मी दोन ओळींची यादी आणि ठाण्याची जीप दिली असती, तर बाई दुपारच्या आत नांदेडच्या सरकारी दवाखान्यात पोचली असती. तिथं तिला कुणी अनामत मागितली नसती. खर्च सरकारनं करायचा होता, आणि त्या क्षणी त्या ओढ्याकाठी सरकार म्हणजे मीच होतो.

चाचाचा जबाब मी स्वतः लिहिला. ठाण्यात आल्याचं वाक्य त्यात घेतलं नाही. वाचून दाखवला तेव्हा तो हळूच म्हणाला, "साहेब, ते न्हाई लिवलं?"

"त्याची गरज नाही."

त्यानं सही केली.

माझी चूक कागदाखाली दाबायची तर गुन्हा पक्का करायला हवा होता. त्याच दिवशी मी दोन पंच घेऊन दवाखान्यात गेलो, हौदाचा पंचनामा केला, पाण्याचा नमुना घेतला. डॉक्टरांना म्हणालो, "चोरीचा माल तुमच्या हौदात आहे." बस. तेवढं पुरलं. आपण आरोपी होऊ या भीतीनं त्यांनी तासाभरात बाईला नांदेडला हलवायचं ठरवलं. पोटावरचे टाके एका दिवसाचे. भाड्याच्या जीपमध्ये मागे गोधडी टाकून तिला झोपवलं. मी व्हरांड्यात उभा होतो. एका शब्दानं थांबवू शकत होतो.

सासूनं माझ्यासमोर हात जोडले. "साहेब, पान्याचं आमी भरून देतो. पाऊस पडला की डोक्यावर वाहून भरून देतो. पोरीला काढू नका."

मी म्हणालो, "तो डॉक्टरांचा विषय आहे."

नांदेडच्या वाटेवर, लोह्याच्या अलीकडे बाई वारली.

सरपंचांना हे कळलं तेव्हा ते ठाण्यात आले. म्हणाले, "आमाला सांगायचं व्हतं. एक दिवस बिनपान्याचं काढलं असतं की." तक्रार मागे घ्यायला निघाले होते. मी घेऊ दिली नाही. चाचाची नोकरी गेली. मला पाण्याची चोरी उघडकीस आणल्याबद्दल बक्षीस मिळालं. ते सेवापुस्तकात आजही आहे.

पुढे जिथं जिथं ठाणं सांभाळलं, तिथं जखमी आला की हद्द विचारायची नाही, आधी यादी लिहायची आणि गाडी काढायची, असं शिपायांना शिकवलं. लोक त्यासाठी माझं कौतुक करायचे. हे शहाणपण कुठून आलं ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवसाच्या स्टेशन डायरीत त्या बाईची नोंद नाही. ती आज करतो. सकाळची वेळ, ठाण्यात फौजदार हजर. टँकरचालक एक जखमी स्त्री घेऊन आला. स्त्री शुद्धीवर, पाणी मागत होती असे हवालदाराने कळवले. हद्दीचे कारण सांगून परत पाठवली. परत पाठवणारा, मी.